याचे पार्ट इथं मिळतात का?

मिक्सर घेताना आपण दुकानदाराला एक प्रश्न हमखास विचारतो. रंग बघून झाला, भांडी मोजून झाली, भावात घासाघीस झाली, की मग म्हणतो, "याचे पार्ट वर्ध्यात मिळतात ना? की नागपूरला पाठवाल?" शिलाई मशीन असो की घरगुती पिठाची गिरणी, वस्तू कधीतरी बिघडणार हे धरूनच आपण ती घरात आणतो. पण तीच बाई स्वतःच्या उद्योगासाठी कॉम्प्युटरवर हिशेबाचा प्रोग्रॅम करून घेते, तेव्हा हा प्रश्न विचारायचा राहून जातो. समोरचा मुलगा इंग्रजीत चार शब्द बोलतो, पडद्यावर रंगीत चौकोन दाखवतो आणि आपण मान डोलावतो.

म्हणून मैत्रिणींनो, आज जरा वेगळ्या विषयावर लिहिते आहे. विषयाचं नाव जड आहे, 'ओपन सोर्स वेब फ्रेमवर्क'. पण नाव वाचून पान उलटू नका. ज्यांचा पापडाचा, मसाल्याचा, शिवणाचा लहानसा उद्योग आहे, ज्या बचत गटाच्या वह्या सांभाळतात, त्यांच्या गल्ल्याशी याचा थेट संबंध आहे.

मी वर्ध्यात कॉम्प्युटरचे वर्ग घेते. एमएस-सीआयटी २००१मध्ये सुरू झालं, त्यानंतरच्या लाटेत माझ्यासारख्या अनेकजणींनी असे वर्ग काढले. जुन्या विद्यार्थिनी काही अडलं की फोन करतात. तसाच फोन आला समुद्रपूर तालुक्यातल्या एका गटाकडून. या भागातली वायगावची हळद तुम्हाला ठाऊक असेलच. २०१६मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे त्या नावानं विकायची हळद त्याच भागातली हवी. या गटातल्या चौदाजणी आसपासच्या शेतकऱ्यांकडून ओली हळद घेतात, उकडतात, वाळवतात, दळतात आणि पाकिटं भरून विकतात. धंदा चांगला वाढला होता. तीन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या मुलाकडून त्यांनी इंटरनेटवर चालणारा प्रोग्रॅम करून घेतला होता. खरेदी, विक्री, कोणाचे किती देणे, सगळं त्यात. मुलगा काही वाईट नव्हता. त्याला पुण्यात नोकरी लागली, नंबर बदलला, संपर्क तुटला, इतकंच.

एप्रिलमध्ये त्या प्रोग्रॅमात नवं आर्थिक वर्ष उघडेना. ते उघडायचा पासवर्ड त्या मुलाकडे. प्रोग्रॅम ज्या सर्व्हरवर होता, ते खातंही त्याच्याच नावावर आणि त्याची मुदत महिन्याभरात संपणार असल्याचा निरोप पडद्यावर झळकू लागलेला. मुदत संपली की तीन वर्षांचा हिशेब गेलाच म्हणायचा. त्यात बँकेत कर्जाचा अर्ज टाकलेला आणि एक शेतकरी म्हणत होता, माझी दोन क्विंटल हळद तुम्ही कमी लिहिली.

"पण तुमच्या वह्या असतील ना?" मी विचारलं.

"वह्या बंद केल्या ना जी ताई," गटाच्या अध्यक्ष बाई म्हणाल्या, "कॉम्प्युटर आला, मंग वही कोन लिहिते? आता सारं त्याच्या डब्ब्यातच रायलं."

आतली माहिती एकदम बाहेर काढायची सोयच त्या प्रोग्रॅमात नव्हती. एकेक पान उघडायचं आणि छापायचं. तीन मुलींनी ते केलं, अकरा दिवस लागले. हिशेब वाचला. शेतकऱ्याची दोन क्विंटल हळदही त्यात सापडली, नोंद दुसऱ्याच नावावर पडली होती. त्याचे पैसे दिले गेले.

मला खटकलं ते वेगळंच. तो प्रोग्रॅम पीएचपीच्या एका मोफत, मुक्त फ्रेमवर्कवर केलेला होता. म्हणजे पाया ओपन सोर्स, आणि तरी बायका कुलपाबाहेर! हे कसं? ते कळायला फ्रेमवर्क म्हणजे काय ते आधी बघू.

शिवणक्लास केलेल्या मैत्रिणींना हे लगेच समजेल. ब्लाऊज मिळवायचे तीन मार्ग. एक, कापड आणून स्वतः ड्राफ्टिंगपासून सगळं करायचं. दोन, दुकानातून रेडिमेड आणायचा. तिसरा मार्ग मधला, तयार पेपर कटिंग घ्यायचं, मापाप्रमाणे खालीवर करायचं आणि शिवायचं. फ्रेमवर्क म्हणजे हे पेपर कटिंग. धंद्याच्या प्रत्येक प्रोग्रॅमात काही गोष्टी त्याच त्या लागतात. आत यायचा पासवर्ड, माहिती साठवायची जागा, फॉर्म, यादी, कोणी काय बघायचं याचे नियम. हे दरवेळी नव्यानं कोण लिहील? म्हणून कोणीतरी ते एकदा नीट लिहून ठेवलेलं असतं. आणि ओपन सोर्स म्हणजे त्याचं मूळ लिखाण कोणालाही वाचता येतं, बदलता येतं, वापरता येतं.

पण गंमत अशी, की या कटिंगवर शिवलेला ब्लाऊज शिवणाऱ्यानं स्वतःच्या कपाटात कुलूप लावून ठेवला, तर त्याला अडवणारं काही नाही. मुक्त फ्रेमवर्कचे परवाने वेगवेगळे असतात. 'एमआयटी' आणि 'बीएसडी' नावाचे परवाने म्हणतात, घ्या, वापरा, त्यावर केलेलं काम उघडं ठेवा नाहीतर बंद ठेवा, तुमची मर्जी. 'जीपीएल' परवाना मात्र म्हणतो, माझ्यात बदल करून प्रोग्रॅम दुसऱ्याला दिलात, तर त्याचं मूळ लिखाणही त्याला मागितल्यावर द्यावंच लागेल. समुद्रपूरच्या बायकांचा पाया पहिल्या प्रकारचा होता. त्यावर त्या मुलानं उभी केलेली खोली त्याची होती, आणि किल्लीही त्याचीच. म्हणून 'ओपन सोर्समध्ये करून देतो' एवढ्या शब्दावर खूश व्हायचं कारण नाही.

गटानं नवा प्रोग्रॅम करायचं ठरवलं आणि सल्ला द्यायला सगळे धावले. खरं सांगायचं तर एवढे सल्ले मुलीच्या लग्नातही कोणी देत नाही.

हिंगणघाटच्या कॉलेजातून बीसीए झालेली माझी एक विद्यार्थिनी म्हणाली, 'लाराव्हेल'मध्ये करू. लाराव्हेल हे पीएचपी भाषेतलं फ्रेमवर्क. अमेरिकेच्या टेलर ओटवेल यांनी २०११मध्ये आणलं, परवाना एमआयटी. याची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे पीएचपी येणारी मुलं-मुली तालुक्याच्या गावीही सापडतात आणि पीएचपीचा सर्व्हरही स्वस्तात मिळतो. पार्ट इथं मिळतात, असंच म्हणायचं! उणी बाजू अशी, की धंद्याचं काहीच त्यात तयार नसतं. खरेदी, साठा, जमाखर्च, जीएसटी, सगळं आपण लिहायचं. शिवाय दरवर्षी नवी मोठी आवृत्ती येते आणि प्रत्येक आवृत्तीच्या सुरक्षेची काळजी मूळ मंडळी साधारण दोनच वर्षं घेतात. म्हणजे घर बांधून झालं तरी गवंडी बोलवावाच लागतो.

नागपूरला नोकरी करणारा माझा भाचा 'जँगो'च्या बाजूचा. जँगोची जन्मकथा मला फार आवडते. अमेरिकेत कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं गाव आहे. तिथल्या 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या स्थानिक दैनिकाच्या कचेरीत २००३मध्ये अ‍ॅड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन हे दोघं वेबसाइटचं काम बघायचे. वर्तमानपत्राची घाई तुम्हाला काय सांगावी! सकाळी मागितलेली गोष्ट संध्याकाळी हवी. दरवेळी तेच तेच लिहून कंटाळलेल्या या मंडळींनी पायथन भाषेत स्वतःचं कटिंग तयार केलं, आणि जुलै २००५मध्ये ते बीएसडी परवान्यानं सगळ्यांना देऊन टाकलं. नाव ठेवलं जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचं. आगीत भाजून त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली होती, उरलेल्या बोटांनी त्यांनी गिटार वाजवली. उपसंपादकांना बातम्या भरता याव्यात म्हणून जँगोमध्ये माहिती भरायचा पडदा आपोआप तयार होतो. तुम्ही फक्त सांगायचं की मला शेतकरी, गाव, वजन, भाव एवढं हवं, की फॉर्म आणि यादी हजर. पायथन भाषा शिकायलाही सोपी. वर्गात मी दोन्ही भाषा शिकवून पाहिल्या आहेत. ज्या मुलींचं इंग्रजी बेताचं, त्या पायथनमध्ये लवकर रुळतात, असा माझा अनुभव. जँगोची एखादी 'दीर्घ आधार' आवृत्ती घेतली तर साधारण तीन वर्षं तिच्या सुरक्षेची काळजी घेतली जाते. मात्र जमाखर्च इथंही तयार नाही. बातम्यांच्या कचेरीत जन्मलेलं बाळ, त्याला नामे-जमा कुठून येणार?

'रुबी ऑन रेल्स'चंही नाव कोणीतरी घेतलं. डेन्मार्कच्या डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन यांनी २००४मध्ये ते आणलं आणि झटपट वेबसाइट कशी उभी करायची याचा धडा पुढच्या सगळ्यांनी त्याच्याकडून घेतला. पण वर्धा जिल्ह्यात रुबी येणारी मुलगी शोधून दाखवा! मला तरी भेटलेली नाही. तो पर्याय तिथंच संपला.

आता दुसरी जात. ही नुसती कटिंगं नाहीत, तर आत मार्जिन सोडलेले रेडिमेड ब्लाऊज आहेत. म्हणजे खरेदी, विक्री, साठा, जमाखर्च, पगार हे सगळं तयार आणि खाली फ्रेमवर्कही उघडं, हवं तिथं उसवून सैल करता येतं. अशा सगळ्या कारभाराच्या एकत्रित प्रोग्रॅमला ईआरपी म्हणतात. यात दोन नावं मोठी, ओडू आणि ईआरपीनेक्स्ट.

ओडू बेल्जियमचं. फाब्यां पँकेर्स यांनी २००५मध्ये ते 'टायनी ईआरपी' या नावानं सुरू केलं, २०१४मध्ये त्याचं ओडू झालं. दिसायला फार देखणं, कामालाही चांगलं. पण २०१५पासून त्याच्या दोन आवृत्त्या झाल्या. एक मोफत, मुक्त. दुसरी माणशी पैसे देऊन घ्यायची. आणि जमाखर्चाचा पूर्ण भाग गेला पैसेवालीत. मोफत आवृत्तीत बिलं निघतात, पण संपूर्ण खतावणी हवी तर वेगळी सोय करावी लागते. अध्यक्ष बाईंना मी हे समजावून सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हंजे ब्लाऊज फुकट अन् बाह्या इकत!" याहून नेमकं मला सांगता आलं नसतं. कंपनीनं पैसे मागू नयेत असं नाही, पण फुकट कुठपर्यंत आणि विकत कुठून, हे आधी विचारून घ्यावं.

ईआरपीनेक्स्ट आपल्या मुंबईचं. रुषभ मेहता यांच्या घरचा फर्निचरचा व्यवसाय. तिथं तयार ईआरपी बसवायचा प्रयत्न जमला नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच लिहायला घेतलं. त्यातून ईआरपीनेक्स्ट झालं, आणि त्याच्या खालचा सांगाडा वेगळा काढला तो 'फ्रापे फ्रेमवर्क'. ईआरपीनेक्स्टचा परवाना जीपीएल, फ्रापेचा एमआयटी. माणशी फी नाही. चौदाजणींनी वापरलं काय आणि चाळीसजणींनी वापरलं काय, प्रोग्रॅमचे पैसे शून्य. सर्व्हरचा खर्च मात्र आहे, आणि तो लाराव्हेलपेक्षा जास्त, कारण हे धूड मोठं आहे, त्याला मेमरी जास्त लागते. पायथनवर चालत असलं तरी बसवायला कटकटीचं. भाच्यालाही एक अख्खा रविवार लागला.

आता हळदीकडे येते, कारण निवड खरी तिथं झाली.

हळदीच्या धंद्याचं हिशेबी वैशिष्ट्य काय? घट! एक क्विंटल ओली हळद उकडून वाळवली की हाती येते साधारण २० ते २५ किलो. त्यातून पॉलिश आणि दळण्यात आणखी थोडी जाते. ज्या प्रोग्रॅमला हे समजत नाही, त्याच्या दृष्टीनं गोदामातून ७५ किलो माल चोरीला गेला! जुन्या प्रोग्रॅमात बायका दर महिन्याला खोटी विक्री दाखवून साठा जुळवायच्या. दुसरं, मानांकन सांगायचं तर कुठलं पाकीट कोणत्या गावच्या हळदीचं हे दाखवता आलं पाहिजे, म्हणून प्रत्येक लॉटला नंबर हवा. पाकिटावर बॅच नंबर तसाही छापावा लागतोच. तिसरं, कर. ओल्या हळदीवर जीएसटी नाही, वाळवून दळलेल्या हळदीवर ५ टक्के. एकाच वस्तूची दोन रूपं आणि दोन दर.

आणि दर कायमचे नसतात. २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे निघाले, तेव्हा पाकीटबंद फरसाणावरचा कर १२वरून ५वर आला. ज्या फरसाणवाल्या बाईच्या प्रोग्रॅमात '१२' हा आकडा लिहिणाऱ्यानं आतच कोंबून ठेवला असेल, तिला त्या दिवशी तो लिहिणारा शोधत फिरावं लागलं असणार.

जँगोत किंवा लाराव्हेलमध्ये हे सगळं करता येतं, पण लिहावं लागतं. माझ्या विद्यार्थिनीनं प्रामाणिकपणे अंदाज दिला, सहा महिने. ईआरपीनेक्स्टमध्ये कच्च्या मालापासून पक्का माल करतानाची घट लिहायची जागा तयार आहे, बॅचचा नंबर तयार आहे, कराचे तक्ते आपल्याला बदलता येतात आणि भारतातल्या जीएसटीसाठी वेगळी मुक्त पुरवणीही मिळते. जे नाही ते फॉर्मवर टिचक्या मारून तयार करता येतं. फ्रापेत त्याला 'डॉकटाइप' म्हणतात. बायकांची हजेरी, दळणाची पाळी आणि गटांतर्गत उसनवार, हे तीन फॉर्म त्या विद्यार्थिनीनं एकही ओळ न लिहिता दोन दिवसांत उभे केले. मुळात ती पीएचपीवाली, पायथन नवं. म्हणून माझं मत ईआरपीनेक्स्टकडे झुकलं, आणि गटाचंही.

पण उगाच कौतुक करत नाही. पहिल्या दिवशी त्याचा पडदा पाहून बायका घाबरल्या. एवढी दारं, एवढ्या खिडक्या! कारखान्यासाठी केलेली वस्तू आहे ती. जे लागत नाही ते लपवण्यातच एक आठवडा गेला. मराठी भाषांतर आहे, पण काही ठिकाणी असं, की त्यापेक्षा इंग्रजी बरं. नशिबानं शब्द आपल्याला बदलता येतात. 'पर्चेस रिसीट'चं आम्ही 'माल आला' केलं आणि 'डिलिव्हरी नोट'चं 'माल गेला'. ज्यांचा उद्योग एका दुकानापुरता आहे, एकटीच लिहिणारी आहे, तिनं या भानगडीत पडूच नये. वही पुरते. नुसता जमाखर्चच हवा असेल तर तुमच्या सीएंकडे टॅली असतंच. वेगवेगळ्या ठिकाणी बसलेल्या चारजणी एकाच वेळी लिहिणार असतील, तरच वेबवरच्या प्रोग्रॅमचा विचार करा.

आणि वर्ध्यात बसून अवजारांबद्दल लिहायचं, तर चरख्याची आठवण होणारच. मगनवाडीतल्या मगन संग्रहालयात तुम्ही कधी ना कधी गेला असाल. गांधीजींनी ३० डिसेंबर १९३८ रोजी त्याचं उद्घाटन केलं. तिथले तऱ्हेतऱ्हेचे चरखे बघताना मला नेहमी १९२९ची ती स्पर्धा आठवते. अखिल भारतीय चरखा संघानं सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्या काळातले एक लाख! अटी वाचल्या तर आजही थक्क व्हायला होतं. चरखा हलका हवा, खेड्यातल्या झोपडीत चालला पाहिजे. बाईला आठ तास फारसे कष्ट न होता चालवता आला पाहिजे. किंमत १५० रुपयांच्या वर नको. वेळेवर देखभाल केली तर २० वर्षं टिकला पाहिजे. दरवर्षीच्या दुरुस्तीचा खर्च किमतीच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. आणि शोध लावणाऱ्यानं पेटंट खुशाल घ्यावं, पण बक्षीस हवं असेल तर त्याचे हक्क संघाच्या हवाली करावे लागतील.

बक्षीस कोणालाच मिळालं नाही, ती गोष्ट वेगळी. पण अटी कशा आहेत बघा. सगळ्यात जास्त सूत काढणारं यंत्र आणा, एवढंच नाही म्हटलं. कोण चालवणार, कुठं चालणार, दुरुस्तीला किती पडणार आणि हक्क कोणाकडे राहणार, हेही आधीच लिहून ठेवलं. आज सॉफ्टवेअरच्या वार्षिक देखभालीला किमतीच्या १५ ते २० टक्के सर्रास मागतात. आम्ही गटाच्या बैठकीत त्या अटी वाचल्या आणि त्याच धर्तीवर आमच्या लिहिल्या. सर्व्हरचं खातं आणि वेबसाइटचं नाव गटाच्या नावावर, गटाच्या ईमेलवर, गटाच्या बँक खात्यातून पैसे. मुख्य पासवर्ड एका पाकिटात बंद करून अध्यक्ष आणि सचिव दोघींच्या सह्यांनिशी कपाटात. सगळी माहिती एक्सेलमध्ये बाहेर काढता आली पाहिजे, आणि ती काढून दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता द्यायचा नाही. रोजची नक्कल सर्व्हरवर, आठवड्याची पेन ड्राइव्हवर. आणि दर तीन महिन्यांनी ती नक्कल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघायची. हे शेवटचं फार महत्त्वाचं. लोणच्याची बरणी भरून ठेवली म्हणजे लोणचं टिकलं असं होत नाही, मधून झाकण उघडून बघावं लागतं.

एक अट मी हट्टानं घालायला लावली. दुरुस्ती करणाऱ्या दोघीजणी हव्यात आणि त्या तासाभराच्या वाटेवरच्या हव्यात. एक आमची हिंगणघाटची विद्यार्थिनी. दुसरी गटातल्याच एका बाईंची सून, बारावी झालेली, मोबाइलवर हुशार. ती म्हणाली, "मले कुठं प्रोग्रामिंग येते मॅडम?" तिला मी 'जँगो गर्ल्स'ची गोष्ट सांगितली. २०१४मध्ये बर्लिनला ओला सितार्स्का आणि ओला सेंडेत्स्का या दोन पोलिश मुलींनी बायकांसाठी मोफत कार्यशाळा घेतली. कॉम्प्युटरशी संबंध नसलेल्या बायका एका दिवसात स्वतःचं छोटं संकेतस्थळ करून घरी गेल्या. पुढे जगभर अशा कार्यशाळा झाल्या आणि त्यांचा धडा आजही कोणालाही फुकट वाचता येतो. आमच्या सुनेनं तो दुपारच्या वेळात, मूल झोपलं की, फोनवर वाचून आणि वर्गात येऊन करून बघितला. जँगो आणि फ्रापे वेगळे असले तरी पायथन तेच. चार महिन्यांत तिनं शेतकऱ्याला द्यायच्या पावतीचा नमुना स्वतः बदलला. आधी त्यावर फक्त रक्कम यायची, आता गाव, लॉट आणि ओल्या हळदीचं वजन मराठीत येतं. हमालीची रक्कम वेगळी दाखवायची कल्पना तिचीच.

दोघींना गट महिन्याला ठरावीक पैसे देतो. यावर बैठकीत बरीच कुरबुर झाली. "फुकटचा प्रोग्राम हाये म्हंता, मंग पैसे काहून?" प्रश्न रास्त होता. त्यावर एक मावशी, ज्या सगळ्यांत कमी बोलतात, त्या म्हणाल्या, "इहिरीचं पानी फुकटच हाये, पन मोटर दुरुस्तीवाल्याले पैसे देतोच ना आपन?" विषय तिथंच मिटला.

बँकेचं कर्ज मंजूर झालं, दळण्याचं नवं यंत्र आलं. आता हंगाम तोंडावर आहे आणि गटात सध्या वाद चालू आहे तो एका बटणावरून. वाळवणीत कमी होणाऱ्या वजनाला पडद्यावर 'घट' म्हणावं की 'तूट'? सूनबाई म्हणते 'घट', कारण पुस्तकात तसं आहे. अध्यक्ष बाई म्हणतात 'तूट' लिहिलं की शेतकऱ्याला वाटतं आपण त्याचं वजन मारलं. पुढच्या बैठकीत हात वर करून ठरवणार आहेत.